उचल बुडवणाऱ्यांची यादी करावी का?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की मालकांच्या संघटनेनं वीजदर आणि करांसाठी मोर्चे जरूर काढावेत, पण आपल्या सभासदांच्या कारखान्यात माणसं कशी राबतात हेही तिनंच बघायचं असतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार या वेळी घेतली आहेत. कॉलम पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते: माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. मी मात्र २८ वर्षं मालकांच्या एका संघटनेच्या कचेरीत काढली. टायपिस्ट म्हणून लागले, कार्यालय सचिव म्हणून निवृत्त झाले. बैठकीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना माझी माणसं बसायची, असंच मला कायम वाटत आलं.

प्रश्न : आमच्या संघटनेत दीडशेच्या आसपास यंत्रमागधारक आहेत, बहुतेक खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारे. कामगार वीस-तीस हजारांची उचल घेतो, दिवाळीला गावी जातो आणि परत आला की दोन गल्ल्या सोडून दुसऱ्याच्या मागावर लागतो. अशा कामगारांची फोटोंसह यादी करून व्हॉट्सअॅपवर टाकावी, म्हणजे कुणीच त्यांना कामावर घेणार नाही, अशी सभासदांची मागणी आहे. मी सचिव आहे. काय करू?

यादी करू नका. ग्रुपवर कुणी टाकली असेल तर आजच काढायला लावा.

आधी कायद्याचं सांगते. उचलीच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम धरायला अडवणं हे १९७६ च्या वेठबिगारी उच्चाटन कायद्यात बसतं. ‘वेठबिगारी’ म्हटलं की आपल्याला वीटभट्टी आठवते, शहरातला मागाचा शेड आठवत नाही. कायदा शेड बघत नाही, अट बघतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे, आणि असं कर्ज कायद्यानं मुळातच रद्द ठरतं. म्हणजे यादी काढून सभासदांची उचल वसूल होणार नाहीच, उलट तुम्ही आणि तुमचे अध्यक्ष चौकशीत सापडाल.

पण सभासदांचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आठ माग असलेल्या माणसाचे तीस हजार बुडले तर त्याच्या घरात काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून आम्ही काय केलं ते सविस्तर सांगते.

आमच्याकडे असाच वाद आला. सभासद म्हणत होता, बावीस हजार येणे. कामगार म्हणत होता, मी पंधराच घेतले. दोघंही शपथेवर सांगत होते. मी मालकांना त्यांची वही मागितली. रोजच्या खर्चाची डायरी होती, मागच्या पानांवर पेन्सिलीनं आकडे लिहिलेले, काही खोडलेले. कामगाराची सही किंवा अंगठा कुठेच नाही. आम्ही तिघं त्या पानांवर तासभर बसलो. पंधरा हजार खरोखर रोख दिले होते. उरलेले सात हजार म्हणजे वर्षभरात कापडात निघालेल्या फॉल्टची कपात होती. ज्या आठवड्यात पगारातून कापता आली नाही, त्या आठवड्यात ती उचलीत मिळवली होती. मालकांच्या मनात कपट नव्हतं. त्यांना तो सरळ हिशोब वाटत होता. कामगाराला मात्र त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं, की तो फेडतोय आणि आकडा वाढतोय. अशा मागावर कोण परत येईल?

कायदा इथेही स्पष्ट आहे. नुकसानीची कपात करण्याआधी कामगाराला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं, आणि सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. आमच्या सभासदांपैकी बहुतेकांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. संघटनेची कचेरी चालवणाऱ्या मला ते वीस वर्षं माहीत होतं, आणि मी कधी बोलावून सांगितलं नव्हतं. ती चूक माझी.

त्या वादानंतर आम्ही उचलीची छापील पावतीपुस्तकं काढली. दोन प्रती, पांढरी मालकाला, पिवळी कामगाराला. रक्कम, तारीख, हप्ता किती, उरले किती. फॉल्टची कपात त्या पुस्तकात लिहायचीच नाही, तिची पावती वेगळी. मसुदा घेऊन आम्ही कामगार संघटनेच्या लोकांकडे गेलो. पहिल्या बैठकीत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, त्यांना वाटलं यात काहीतरी डाव आहे. दुसऱ्या बैठकीत त्यांच्यातल्या एकानं पावती हातात घेऊन विचारलं, “ही मराठीत आहे, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेल्या पोरांनी कशी वाचायची?” आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. पावती मराठी आणि हिंदीत छापली. तिथून पुढे बैठक खरी झाली.

उचल एका महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त द्यायची नाही, हेही त्याच टेबलावर ठरलं. इथे एकट्या मालकाचं काही चालत नाही. त्यानं मर्यादा घातली तर शेजारचा तीस हजार देऊन कामगार ओढून नेतो. पावती दिली तर शेजारचा म्हणतो, तुलाच फार कायदा कळतो. कामगारांना बरं वागवणाऱ्याला एकट्यानं तोटा सोसावा लागू नये, याच कामासाठी संघटना लागते. दीडशे जणांनी एकाच दिवशी एकच पावती वापरायला घेतली, की ती त्या गावची रीत होते.

आता अवघड भाग. तुमचे सभासद खर्चीवाले आहेत, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आणि यांना मिळते ती प्रतिपिक मजुरी (पिक म्हणजे कापडाच्या एका इंचातले आडवे धागे). त्यातूनच कामगाराला ५२ पिकाच्या दरानं द्यायचं. इचलकरंजीत २०१३ च्या मोठ्या संपानंतर जो करार झाला, त्यात महागाई भत्त्याचं रूपांतर पीस रेटमध्ये, म्हणजे विणलेल्या कापडावर मिळणाऱ्या दरात करून दरवर्षी मजुरी वाढवायची असं ठरलं. दरवर्षी संप न करता वाढ मिळावी म्हणून ते फार विचारानं केलेलं काम होतं, आणि मला त्याचं मोल वाटतं. पण टेबलावर मालक होते, कामगार होते, सरकारी अधिकारी होते. खर्चीवाल्याचा दर ठरवणारा व्यापारी त्या आकड्याला बांधला गेला नाही. कामगाराची मजुरी महागाईबरोबर वाढणार आणि खर्चीवाल्याची बाजाराच्या मर्जीवर राहणार, मग वाढ जाहीर झाली की कुरबूर ठरलेलीच.

म्हणून तुमच्या संघटनेनं कामगारांशी बोलताना एक गोष्ट उघड करावी: व्यापाऱ्याकडून काय मिळतं, वीजबिल किती, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला आणि सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्याला काय जातं. आकडे दाखवायला मालक लाजतात, मला ते ठाऊक आहे. पण कामगार मागावर उभा असतो, माग किती मीटर काढतो हे त्याला तुमच्याइतकंच कळतं. खरे आकडे दिसले तर प्रतिपिक मजुरी वाढवून घ्यायला तो व्यापाऱ्यांसमोर तुमच्या शेजारी बसेल. ती बैठक अजून कुठल्याच गावात नीट झालेली मी पाहिलेली नाही. तुम्ही घेऊन बघा.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. वडिलांनी उभी केली, मी दोन वर्षांपासून बघतोय. कास्टिंग घेणाऱ्या परदेशी कंपनीनं कामगारांविषयी बारा पानी फॉर्म पाठवलाय आणि नंतर त्यांचा माणूस तपासणीला येणार आहे. एक सल्लागार म्हणतोय, “सगळे कागद मी तयार करून देतो.” आमच्या संघटनेनं यात काही करावं का?

त्या सल्लागाराला नम्रपणे परत पाठवा. ‘तयार करून देतो’ म्हणजे काय हे तुम्हाला कळलं आहे, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत. दोन हजेरीपट, एक आठ तासांचा दाखवायला आणि एक बारा तासांचा पगार काढायला. तपासनीस हजेरीपटाकडे बघतच नाही आधी. तो शिफ्ट सुटताना गेटवर उभा राहतो आणि कामगाराला विचारतो, सकाळी किती वाजता आलास. मग मेल्टिंगचं लॉगबुक मागतो. भट्टी रात्री अकराला चालू होती आणि हजेरीपटावर त्या वेळी कुणीच नाही, हे जुळवायला कुठलाही सल्लागार पुरा पडत नाही.

जादा तासांना दुप्पट दर देणं जमत नसेल तर जादा तास कमी करायचा मार्ग शोधावा लागतो. इथे संघटनेचं खरं काम सुरू होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ‘स्कोअर’ नावाचा कार्यक्रम आहे, छोट्या आणि मध्यम कारखान्यांसाठी. त्याचे पाच भाग आहेत, आणि पहिला भाग कामाच्या ठिकाणच्या सहकार्याचा. दर्जा, उत्पादकता, सुरक्षितता त्यानंतर. सुरुवात कामगार आणि व्यवस्थापन यांची मिळून एक तुकडी करण्यापासून होते. हा क्रम मला फार पटतो. रिजेक्शन कमी झालं तर तेच कास्टिंग दुसऱ्यांदा ओतावं लागत नाही आणि तेवढे तास वाचतात. आणि रिजेक्शन कशानं होतं, हे मोल्डिंगवाल्याला माहीत असतं. त्याला विचारायला हवं.

असंच विचारताना मी एका फाउंड्रीत हजर होते. मालकांनी आधीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “सगळे पगारच मागणार बघा.” कामगारांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या उघडल्या तर चार-पाच जणांनी एकच लिहिलेलं: कपडे ठेवायला जागा पाहिजे. आम्हाला काही उलगडा होईना. मग फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारा, एक जण आम्हाला आत घेऊन गेला. ग्राइंडरच्या मागच्या भिंतीत खिळे मारलेले, त्यावर सगळ्यांचे घरचे शर्ट टांगलेले. त्यानं स्वतःचा शर्ट काढला आणि पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात एकदा झटकला. राखाडी धूळ हवेत तरंगत राहिली, खाली बसेचना. “हे घालून मी घरी जातो,” तो म्हणाला, “लेक पळत येऊन मिठी मारते.”

वाळूची ती धूळ म्हणजे सिलिका. तिनं होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही, तो होऊ नये एवढंच करता येतं. मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात गेटजवळ पत्र्याची कपाटं आली आणि नळाखाली कट्टा बांधला गेला. धूळ ओढणारे पंखे यायला मात्र आणखी वर्ष लागलं, कारण खर्च मोठा होता. तेव्हा आम्ही संघटनेतर्फे आठ-दहा फाउंड्र्यांची एकत्र मागणी काढून दर उतरवून घेतला. छातीचे एक्स-रे आणि फुप्फुसांची तपासणीही एकाच दवाखान्याशी बोलून सगळ्यांची करून घेतली. एकट्या कारखान्याला परवडणारं नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी आणि प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र, या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. हे तुमच्या संघटनेनं सभासदांसाठी एकत्र करावं.

फॉर्मचं म्हणाल तर तो खरा भरा. जिथे कमी आहात तिथे ‘नाही’ लिहा आणि पुढे कधीपर्यंत करणार ते लिहा. ‘सध्या नाही, मार्चपर्यंत करू’ असं लिहिलेल्याची ऑर्डर मी जाताना पाहिली नाही. दोन हजेरीपट सापडलेल्याची गेलेली पाहिली आहे.

प्रश्न : मी कोल्हापुरात एम.ए. करते. ‘सोशल डायलॉग’ला, म्हणजे सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून बोलण्याला, सरकारी मराठीत ‘सामाजिक संवाद’ म्हणतात. ही कल्पना बाहेरून आपल्यावर लादलेली आहे, असं वर्गात एकानं म्हटलं. खरं आहे का?

शब्द बाहेरचा आहे, रीत आपलीही आहे. आमच्याकडे तिला साधं ‘बैठक’ म्हणतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली. तिच्या परिषदेत प्रत्येक देशाकडून दोन प्रतिनिधी सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा असतो. वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्याच परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी, म्हणजे आपल्या कोकणातल्या गोरेगावचे ना. म. जोशी. पुढे १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. आणि माथाडी कायदा तर अस्सल महाराष्ट्राचा, १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आला. त्यातल्या मंडळांवर मालक आणि कामगार समसमान संख्येनं बसतात, सोबत सरकारचे लोक. मालक हमालीबरोबर ठरलेली लेव्ही, म्हणजे हमालीवरची जादा टक्केवारी, मंडळात भरतो आणि त्यातून फंड, बोनस, रजा, औषधपाणी होतं. रोज नव्या व्यापाऱ्याचं पोतं उचलणाऱ्या माणसालाही फंड मिळू शकतो, हे त्या कायद्यानं करून दाखवलं.

वर्गातल्या त्या मित्राला एवढं सांगा, की त्याच त्रिपक्षीय परिषदेची, म्हणजे आताच्या भारतीय श्रम परिषदेची, ४६ वी बैठक २०१५ मध्ये झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती भरलीच नाही. मला हे फार लागतं. वरची बैठक बंद पडली की गावातल्या, वसाहतीतल्या संघटनांवर जास्त भार येतो.

प्रश्न : ताई, मी कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करते. आम्ही ४५ जण आहोत, त्यात ३० बायका. मालकांच्या संघटनेकडून पत्र आलं म्हणून आमच्याकडे तक्रार समिती केली आणि मला सभासद केलं. सही घेतली, पण बैठक झाली नाही. आमची मोठी अडचण म्हणजे संडासाची किल्ली सुपरवायझरकडे असते आणि ते पुरुष आहेत. मागायला लाज वाटते, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. मी काय करू शकते?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दिवसभर पाणी न पिता मशीनवर बसणं ही आजाराला बोलावण्याची गोष्ट आहे, आणि तुम्ही ती लिहून कळवलीत, हे फार चांगलं केलंत.

वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती कायद्यानंच लागते. त्यात मालकांचे आणि कामगारांचे सभासद समसमान हवेत, आणि बायकांचं प्रमाण कारखान्यातल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नको. तुमच्याकडे ४५ मध्ये ३० बायका, म्हणजे तीनात दोन. समितीत बाई म्हणून तुम्ही एकट्याच असाल तर ती समिती नियमात बसत नाही, हे आधी सांगा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याची समिती वेगळी असते, दहापासून पुढे. दोन्हींची सरमिसळ करू देऊ नका.

बैठक मागायची ती लेखी मागा. एका कागदावर दोन ओळी, खाली तुमची सही आणि आणखी दोघी-तिघींच्या. एकटीचं नाव पुढे राहू नये. बैठक कामाच्या वेळेत, पगारी वेळेत हवी. सुटी झाल्यावर ठेवली तर बायकांना घरी पोरं वाट बघत असतात, कुणी थांबत नाही, आणि मग ‘कामगारच येत नाहीत’ असं वहीत लिहिलं जातं.

आमच्या कचेरीत सुरुवातीला मालकांना खुर्च्या आणि कामगारांना भिंतीकडेचा बाक असायचा. बाकावर बसलेला माणूस पुढे झुकून, हात गुडघ्यांवर ठेवून बोलतो. एक दिवस मी बाक बाहेर काढला आणि सगळ्यांना सारख्या खुर्च्या मांडल्या. कुणी काही म्हणालं नाही, पण त्या दिवशी कामगार जास्त बोलले. तुम्हीही बसताना खुर्ची मागा.

किल्लीचा विषय पहिल्याच बैठकीत घ्या, आणि तक्रार सुपरवायझरच्या नावानं न मांडता किल्लीच्या नावानं मांडा: किल्ली बायकांच्या विभागात, भिंतीवर, कुणालाही न विचारता घेता येईल अशी टांगावी. कुलूपच कशाला हवं, असंही विचारा. बैठक संपताना वहीत काय लिहिलं ते मोठ्यानं वाचून घ्या आणि मगच सही करा. तुमच्या मालकांच्या संघटनेनं पत्र पाठवलं आहे, म्हणजे तिथे कुणीतरी जागं आहे. महिन्याभरात बैठक झाली नाही तर त्याच कचेरीला एक प्रत पाठवा. मी अशा कचेरीत बसलेली आहे, कामगारानं सही करून पाठवलेला कागद तिथे फायलीत लावावा लागतो आणि अध्यक्षांपुढे ठेवावा लागतो.

किल्ली कुठे टांगली, ते मला नक्की कळवा.